आठ शनिवार, बाराशे रुपये: राजाविरुद्ध लोक का उठतात, हे शिकवणाऱ्या वर्गाबद्दल

नागपुरात चितार ओळीजवळ माझं पोळी-भाजी केंद्र आहे. रोजच्या चारशे-साडेचारशे पोळ्या, दोन भाज्या, वरण-भात. निम्मं गिऱ्हाईक म्हणजे बाहेरगावाहून शिकायला आलेले पोट्टे, बाकी आसपासचे दुकानदार आणि एकटे राहणारे म्हातारे लोक. इतिहासाचं पुस्तक मी दहावीनंतर हातात धरलं नव्हतं. या वर्गाचे पैसे माझ्या धाकट्याने भरले होते. त्याला ऐनवेळी पुण्याला नोकरी लागली आणि भरलेले पैसे परत मिळत नाहीत, पण जागेवर घरचं दुसरं कोणी बसलं तर चालतं, असं कळलं. तो म्हणाला, "आई, तू जा." मी गेले. आठच्या आठ शनिवार गेले, म्हणून लिहिते आहे.

वर्गाचं नाव देत नाही. जागा वीसच आहेत आणि नाव कुठे लिहू नका, अशी मॅडमची विनंती आहे. धंतोलीत, एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर भरतो. विचारपूस केली की सापडतो. शनिवारी सहा ते आठ. मी चितार ओळीहून मेट्रोने सीताबर्डीला उतरते, तिथे गाडी बदलून काँग्रेस नगर, पुढे पायी. संध्याकाळच्या पोळ्या त्या दिवशी माझ्या मदतनीस बाईवर सोडल्या.

आधी गैरसोयी सांगते, म्हणजे पुढचं मोकळेपणाने लिहिता येईल. खुर्च्या प्लॅस्टिकच्या आहेत, दोन तासांत कंबर धरते. कूलर आहे, पण तो लावला की मॅडमचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही आणि बंद केला की जीव कासावीस होतो. वाटलेल्या कागदांवरची अक्षरं इतकी बारीक की चष्मा लावूनही मला घरी मुलीकडून वाचून घ्यावी लागली. एक वर्ग रद्द झाल्याचा निरोप मी काँग्रेस नगरला उतरल्यावर आला. तो पुढे भरून दिला, पण माझी ती संध्याकाळ गेलीच. आणि ज्यांना परीक्षेसाठी तयार नोट्स हव्यात त्यांनी येऊ नये. पहिल्याच दिवशी एका मुलाने विचारलं, "मॅडम, याच्यावर किती मार्कांचं येते?" मॅडम म्हणाल्या, "ते मला माहीत नाही." दुसऱ्या शनिवारी तो आला नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी राजाचं नावही घेतलं नाही. सगळ्यांना एकेक कोरा कागद दिला आणि फळ्यावर तीन आकडे लिहिले. पॅरिसमध्ये मजुराची दिवसाची कमाई २५ ते ३० सू (सू म्हणजे तिथलं तेव्हाचं नाणं). चार पौंडी पाव, म्हणजे साधारण दोन किलोचा, ऑगस्ट १७८८ मध्ये ९ सू. तोच पाव फेब्रुवारी १७८९ मध्ये साडेचौदा सू. मग म्हणाल्या, घर चालवून दाखवा.

हा हिशेब मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पोरं अजून भागाकार करत होती तोवर मी कागद खाली ठेवला होता. पंचवीसातले साडेचौदा एका पावात गेले. उरले साडेदहा, त्यात भाडं, सरपण, कपडा, दारू, औषध. आणि काम नसेल त्या दिवशी पंचवीसही नाहीत. मॅडमनी विचारलं, "काय दिसतं?" मी म्हटलं, पाव महागला म्हणून फक्त पावच तेवढा महागत नाही. घरात पावाशिवाय दुसरं काही घेताच येत नाही, मग न्हावी, शिंपी, चांभार सगळ्यांचा धंदा बसतो. मॅडम म्हणाल्या की नेमकं तसंच झालं होतं, कापडाच्या गावांतून मजूर बेकार झाले होते. १३ जुलै १७८८ ला फ्रान्समध्ये मोठी गारपीट झाली, उभं पीक झोपलं, त्यावर कडक हिवाळा आला. आमच्याकडे हरभरा घाट्यावर असताना गारपीट झाली की कळमन्याच्या धान्यबाजारात काय होतं ते मी दर दोन-तीन वर्षांनी बघते. त्यामुळे इथवर मला सगळं ओळखीचं वाटलं आणि उत्तर मिळालं असंही वाटलं. भूक लागली, लोक उठले.

दुसऱ्या शनिवारी मॅडमनी तेच उत्तर पुसून टाकलं. म्हणाल्या, दुष्काळ त्याआधीही अनेक पडले, लोक उपाशी मेले, धान्याच्या गाड्या लुटल्या, पण राजा हलला नाही. १७८९ च्या वसंतात राजाने लोकांकडून गाऱ्हाणी लिहून मागवली, गावोगावच्या वह्या भरल्या. त्या वह्यांत कर, जमीनदार, शिकारीचे हक्क, मीठ या सगळ्यांबद्दल तक्रार आहे आणि राजाबद्दल मात्र बहुतेक ठिकाणी माया आहे. राजा चांगला आहे, त्याला आमचे हाल माहीत नाहीत, कळले की तो करेल. मॅडमनी हे वाक्य फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहिलं, 'राजाला माहीत नाही', आणि आठही शनिवार ते पुसू दिलं नाही.

मिठाचा भाग मी कधी विसरणार नाही. फ्रान्सच्या बऱ्याच भागांत आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसाने वर्षाला ठरावीक मीठ, साधारण सात पौंड, सरकारी दराने घ्यायलाच हवं होतं. नको असलं तरी घ्यायचं. आणि ते फक्त ताटात आणि शिजवायच्या भांड्यात वापरायचं. मांस खारवून ठेवायचं तर त्यासाठी वेगळं मीठ पुन्हा विकत घ्यायचं. म्हणजे माझ्या डब्यातल्या मिठाने भाजी करायची, पण त्याच मिठाने लिंबाचं लोणचं घातलं तर गुन्हा. माझ्या शेजारी एक निवृत्त रेल्वेवाले काका बसायचे, ते एवढंच म्हणाले, "स्वयंपाकघरात शिरलं सरकार." सरदार-उमराव, धर्मगुरू यांना मोठमोठ्या करांतून सूट होती, हे सगळ्यांना माहीत असतं. पण सरकार एखाद्याच्या बरणीत हात घालतं तेव्हा बाईला काय वाटतं, हे मला त्या दिवशी पोटातून कळलं.

राणीचं ते वाक्य, पाव नाही तर केक खा, हेही आलं. राणी तसं बोलल्याचा काही पुरावा नाही आणि ती गोष्ट ती लहान असल्यापासून दुसऱ्याच राजकन्येच्या नावावर फिरत होती, असं मॅडमनी सांगितलं. शाळेपासून मी ते खरं धरून होते. त्याहून मोठा धक्का खर्चाचा. १७८८ साली राजवाड्याचा खर्च सरकारच्या एकूण खर्चाच्या सहा टक्क्यांच्या आसपास होता. निम्मा पैसा जुन्या कर्जाच्या व्याज-हप्त्यांत जात होता आणि कर्ज लढायांचं होतं, त्यात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला केलेली मदतही आली. म्हणजे हिऱ्या-माणकांनी खजिना बुडाला नव्हता. पण लोकांना हे कळणार कसं? हिशेब कधी कोणाला दाखवलाच नव्हता. १७८१ साली अर्थमंत्र्याने पहिल्यांदा छापला, तोही लढाईचा खर्च बाजूला काढून, शिल्लक दिसेल असा. ज्या घरात वही लपवतात त्या घरात बायको नवऱ्याच्या प्रत्येक नव्या शर्टाकडे संशयाने बघते. राणीचे झगे हे त्या न दाखवलेल्या वहीचं पान झाले.

इथे मला माझी एक गोष्ट सांगावीशी वाटली आणि मी वर्गात ती सांगितली. इथेही सांगते. २०२२ च्या उन्हाळ्यात गहू चढला होता. मला पोळीचा दर वाढवायची भीती वाटत होती, गिऱ्हाईक तुटेल म्हणून. मी मदतनीस बाईला गोळा लहान करायला सांगितलं. चाळीस ग्रॅमचा बत्तीसवर आणला. कोणाला काही बोलले नाही. पोट्ट्यांना दोनच दिवसांत कळलं. ते तिच्यावर चिडायचे, "मावशी, तुम्ही लहान करून राहिल्या, काकूला सांगू का?" माझ्याबद्दल त्यांना खात्री होती की काकूला हे माहीत नाही. ती बिचारी खाली मान घालून लाटत राहायची. मग एक दिवस मी स्वतः काट्यावर गोळे तोलून देत असताना त्यातल्या एकाने पाहिलं. यवतमाळकडचा पोरगा, दोन वर्षं माझ्याकडे जेवत होता. त्याने हातावर पोळी घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाला, "काकू, रुपया वाढवा जी. पण असं काऊन करता?" त्या महिन्यात अकरा जणांनी डबा बंद केला. पोळी महिनाभर लहानच होती, तोवर कोणी गेलं नव्हतं. मला माहीत आहे हे त्यांना कळलं आणि गेले.

मॅडमनी काही न बोलता फळ्यावरच्या कोपऱ्यातल्या वाक्याखाली रेघ ओढली.

तिथून पुढचे सगळे वर्ग मी त्या एका रेघेवरून ऐकले. १४ जुलै १७८९ ला पॅरिसच्या बॅस्टिल या तुरुंग-किल्ल्यावर गर्दी गेली ती मुख्यतः दारूगोळ्यासाठी, आत कैदी सातच होते. त्यानंतरही राजा राजाच होता. ५ ऑक्टोबरला पॅरिसच्या बाजारातल्या बाया पावसात वीस किलोमीटर चालत राजाच्या वाड्यावर, व्हर्सायला गेल्या, तोफा ओढत. त्यांना राजा मारायचा नव्हता. त्यांना तो पॅरिसला आणायचा होता, आपल्या डोळ्यांसमोर. दुसऱ्या दिवशी राजा, राणी आणि मुलगा यांना घेऊन त्या परतल्या, सोबत पिठाच्या गाड्या होत्या, आणि त्या म्हणत होत्या की आम्ही भटारी (पाव भाजणारा), भटारीण आणि भटाऱ्याचं पोर घेऊन आलो. हे ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ज्याला धरून आणलं त्याच्याकडूनच अजून पोळी मागत होत्या त्या. विश्वास तेव्हाही शिल्लक होता.

तो तुटला २० जून १७९१ च्या रात्री. राजा नोकराच्या वेशात कुटुंबासह सरहद्दीकडे पळाला, व्हॅरेन गावात ओळखला गेला, परत आणला. मागे स्वतःच्या हाताने पत्र ठेवून गेला होता की हे सगळं मला मान्य नव्हतं. परत आणताना पॅरिसच्या रस्त्यांवर लोक डोक्यावरची टोपी न काढता गप्प उभे होते. राजाचा जयजयकार करील तो फटके खाईल, अपमान करील तो फासावर जाईल, असे फलक लागले होते. मॅडमनी हा प्रसंग सांगून पाच मिनिटं कोणाला बोलू दिलं नाही. सव्वा वर्षाने, २१ सप्टेंबर १७९२ ला, राजेशाही रद्द झाली. २१ जानेवारी १७९३ ला राजाचं डोकं उडवलं. ज्या वह्यांत त्याच्याबद्दल माया होती त्यांना चार वर्षंही झाली नव्हती.

रशियाचे दोन वर्ग झाले आणि ते सगळ्यात चांगले. १९०५ च्या जानेवारीत सेंट पीटर्सबर्गचे कामगार बायकापोरांसह एका पाद्र्याच्या मागे हिवाळी राजवाड्याकडे निघाले. हातात देवाच्या तसबिरी आणि झारचे, म्हणजे त्यांच्या राजाचे, फोटो. कामाचे तास कमी करा, मजुरी वाढवा, आमचं ऐका. आपण पंढरीच्या वाटेवर दिंडी नेतो तशी ती निघाली होती. झार त्या दिवशी शहरातही नव्हता. शिपायांनी गोळ्या घातल्या, शंभरावर माणसं मेली. ज्या फोटोला नमस्कार करत आले तो फोटो बर्फात पडला. झारला माहीत नाही, असं म्हणणारे त्यानंतरही होते, पण १९१५ साली झारने सैन्याचं नेतृत्व स्वतःकडे घेतलं. आता प्रत्येक हार त्याची स्वतःची. मध्ये सेनापती नाही, मंत्री नाही. १९१७ च्या फेब्रुवारीत, त्यांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे २३ तारखेला, महिला दिनी, पेट्रोग्राडच्या, म्हणजे त्याच सेंट पीटर्सबर्गच्या, कापड गिरण्यांतल्या बाया पाव मागत रस्त्यावर आल्या. देशात धान्य होतं, पण रेल्वे कोलमडलेली, शहरापर्यंत पोचत नव्हतं. रात्रीपासून रांगेत उभं राहायचं, थंडीत, आणि सकाळी दुकानदार म्हणणार संपलं. मी रॉकेलच्या रांगेत लहानपणी उभी राहिले आहे. रांगेत माणसं बोलतात. चार तास बोलायला मिळतात. चार दिवसांत शिपायांनी गोळ्या झाडायला नकार दिला, २ मार्चला झारने आगगाडीच्या डब्यात बसून राजीनाम्यावर सही केली. तीनशे वर्षांचं घराणं.

नेपाळचा वर्ग होता त्या आठवड्यात मी आमच्या गल्लीतल्या चौकीदाराला विचारलं. रात्री तो माझ्याकडून चार पोळ्या नेतो, वीस वर्षांचा परिचय. मी म्हटलं, दाजू, तुमचा राजा का गेला? तो आधी हसला, मग म्हणाला की २००५ च्या फेब्रुवारीत तो इथल्या एसटीडी बूथवर रोज जायचा आणि फोन लागायचाच नाही. बायको पोटुशी होती. बूथवाला म्हणायचा, तुमच्याकडचे सगळेच फोन बंद आहेत. १ फेब्रुवारी २००५ ला राजा ज्ञानेंद्र यांनी सरकार बरखास्त करून सगळी सत्ता हातात घेतली आणि देशातले फोन तोडले, हे मला वर्गात कळलं. चौकीदाराला ते राजकारण म्हणून ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं की मुलगा झाला आणि ते त्याला बऱ्याच दिवसांनी कळलं. "राजाने फोन काटा," तो म्हणाला. मंत्र्याने नाही, माओवाद्यांनी नाही. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये १९ दिवस लोक रस्त्यावर होते, राजाला संसद परत द्यावी लागली, आणि २८ मे २००८ ला संविधान सभेने ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेशाही संपवली.

इराणचं मात्र नीट झालं नाही. अर्ध्या तासात उरकलं. १९७१ मध्ये पर्सेपोलिसला राजेशाहीच्या अडीच हजार वर्षांचा सोहळा, १९७८ चा संप, तेल कामगार, १६ जानेवारी १९७९ ला शाह देश सोडून गेला, एवढं लिहून घेतलं आणि वेळ संपला. तिथे तर तेलाचा पैसा होता, पावाची रांग नव्हती. मग लोक का उठले, हा माझा प्रश्न तसाच राहिला. हा या वर्गाचा सगळ्यात मोठा दोष म्हणेन, कारण तोच प्रश्न बाकी सगळ्याची परीक्षा होता.

मीच एकदा विचारलं, राजाने आपणहून दिलं असं कुठे झालंच नाही का? मॅडमनी औंधचं सांगितलं. सातारा-सांगलीकडचं छोटं संस्थान, राजे भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांनी १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने कारभार गावपंचायतींच्या हाती दिला. राजवाड्यावर मोर्चा येण्याआधी. दहा मिनिटं मिळाली औंधला. मला एक अख्खा शनिवार हवा होता.

शेवटचा वर्ग नागपूरचा. आपल्याकडे भोसले राजे तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ ला वारले, औरस मुलगा नव्हता, डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केलं, वाड्यातले हत्ती-घोडे, जडजवाहीर लिलावात काढलं. इथे लोकांनी राजाविरुद्ध उठायची वेळच आली नाही, राजा दुसऱ्यानेच उचलला. मग मॅडमनी विचारलं, राग गेला कुठे? आणि आम्ही चार-पाच जण एकदम म्हणालो, मारबत! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानावरून काळी मारबत, म्हणजे मिरवून जाळायचा बाईचा पुतळा, जाते, भोसल्यांच्या घराण्यातल्या बांकाबाईची म्हणून. बांकाबाई इंग्रजांना जाऊन मिळाली, असं आमच्या आजीपासून सगळे सांगतात. मॅडम म्हणाल्या की राज्य खालसा करण्याला बांकाबाईंनी विरोधही केला होता, १८५७ ला मात्र त्या इंग्रजांच्या बाजूने राहिल्या. हे मला कधीच कोणी सांगितलं नव्हतं. दीडशे वर्षांच्या आसपास आम्ही त्या बाईला दरवर्षी जाळतो, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणतो, आणि तिच्या त्या विरोधाबद्दल कोणाला माहीत नाही. बडग्यांवर, म्हणजे मारबतीसोबतच्या दुसऱ्या पुतळ्यांवर, मात्र आजही महागाई लिहिलेली असते, खड्डे लिहिलेले असतात. मी या वर्षी प्रत्येक बडग्यावरची पाटी थांबून वाचली.

पैसे वसूल झाले का, असं मुलगा फोनवर विचारत होता. झाले. बाराशे रुपयांत मला आठ संध्याकाळ कोणीतरी गंभीरपणे विचारलं की तुम्हाला काय वाटतं. पाठीला लहान उशी न्या, पाण्याची बाटली न्या, पुढच्या दोन रांगांत बसा म्हणजे कूलरचा त्रास नाही. पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे. मी इराणसाठी पुन्हा बसणार आहे, या वेळी माझ्या पैशाने. मदतनीस बाईलाही घेऊन जाणार आहे. त्या शनिवारी संध्याकाळच्या पोळ्या मिळणार नाहीत, तशी पाटी मी आठ दिवस आधी दुकानावर लावीन. गव्हाच्या भावाची पाटी तिथे आता रोज असतेच.